नव्या घरातली पहिली चूल

“हे उचल. मांगच्या दारानं जाय. अन् मांगं पाहू नको.”

काकू उंबरठ्याच्या बाहेर उभ्या राहून बोलत होत्या. घर त्यांचं. मी भाडेकरू. पण सात महिन्यांत त्या एकदाही आत आल्या नव्हत्या. भाडं घ्यायलासुद्धा बाहेरच उभ्या राहायच्या.

उंबरठ्यावर लाल कापडाचं गाठोडं ठेवलेलं होतं. कापड मी लगेच ओळखलं. मी शिलाईचं काम करते. त्यांचं ब्लाउज शिवून उरलेला तुकडा मीच त्यांना परत दिला होता. गाठीतून नारळ दिसत होता. दोन लिंबं. काळे उडीद. आणि एका प्लास्टिकच्या पिशवीत राख.

“राख कशाची, काकू?”

“तुह्याच चुलीची. पहिल्या दिवसाची. तू बाहेर टाकली, म्या तवाच भरून ठेवली होती.”

आत खाटेवर माझी मुलगी पल्लवी झोपली होती. टायफॉईड. सरकारी दवाखान्यातून येऊन तिसरा दिवस. भिंतीला धरून मोरीपर्यंत जायची आणि परत येऊन पडायची. बारावीची परीक्षा महिन्यावर.

मी म्हटलं, “पोरगी उभी राहात नाही, काकू. तिची परीक्षा होऊ द्या. मग जाते.”

“वास्तुशांतीचा मुहूर्त निंघाला आता. अन् तू थांबून तरी काय करतं? जे व्हायचं थे झालं. निंघालं घरातलं.”

“काय निघालं?”

त्यांनी माझ्या खांद्यावरून खाटेकडं पाहिलं. मी त्यांचा चेहरा पाहत होते. आजारी पोर पाहून बाईच्या चेहऱ्यावर जे येतं, ते त्यांच्या चेहऱ्यावर नव्हतं. तिथं समाधान होतं. कुकरची शिटी वेळेवर व्हावी तसं.

“तुमच्या लोकायले सोसते, बाई,” त्या म्हणाल्या. “आमाले नाई सोसत.”

त्यांचं बोलणं मी जसंच्या तसं लिहिलं आहे. त्यात माझा एक शब्द नाही.

आता मागचं सांगते.

आम्ही केनवडकडच्या एका तांड्यावरचे. माझं लहानपण सहा महिने तांड्यावर आणि सहा महिने उसाच्या फडात गेलं. फडाजवळ पाचटाची कोपी घालायची, हंगाम संपला की मोडायची. दरवर्षी नवं घर, दरवर्षी मोडलेलं. कोपी उभी झाली की माझी याडी, म्हणजे माझी आई, सगळ्यांना बाहेर थांबवायची. आत तीन दगड मांडायची, चूल पेटवायची आणि पहिली भाकर विस्तवाला द्यायची. मग म्हणायची, आता या. चूल पेटली म्हणजे कोपी आपली झाली, असं ती मानायची. मीही मानत आले. माझी चूक इथूनच सुरू झाली.

मी बारावी शिकले. लग्नानंतर शिलाई शिकले. तांड्यावर शिलाईला पैसे कोण देणार? आणि पल्लवीला नर्सिंगसाठी सायन्स घ्यायचं होतं. म्हणून वाशीमला यायचं ठरलं. नवरा मार्केट यार्डात हमालीला लागला. खोली शोधायची राहिली होती.

मला वाटलं होतं, खोली म्हणजे भाड्याचा प्रश्न. तो होताच. मोठा रस्ता झाल्यापासून वाशीमच्या आजूबाजूला जिथं तूर उभी राहायची तिथं प्लॉट पडलेत. पुण्यातली माणसं येऊन बंगले बांधतात आणि भाडंही पुण्याचं सांगतात. घरकुल मंजूर होतं, पण त्याला जागा आपल्या नावावर लागते. आमच्या नावावर शिलाई मशीन होती.

पण भाड्याच्या आधी दुसराच प्रश्न यायचा. आडनाव काय? आडनाव सांगितलं की, गाव कोणतं? गाव सांगितलं की, गावात कुठं? तांडा म्हटलं की समोरचा माणूस हातातली किल्ली खिशात टाकायचा. “घरी विचारून सांगतो.” बायको तिथंच दारात उभी असायची. तरी घरी विचारून सांगतो.

अशा चौदा-पंधरा घरांनंतर गजूभाऊ भेटला. खोल्यांची दलाली करायचा. गालात खर्रा, हातात दोन मोबाईल. त्यानं आडनाव विचारलंच नाही. आधी विचारलं, “वहिनी, चुलीवर सैपाक येते का तुमाले?”

मी म्हटलं, “न यायला काय झालं?”

“मंग झालं तुमचं काम. नवं कोरं घर देतो. भाडं अर्धं. मालक पुण्यात राह्यते, घर रिकामं ठेवाचं नाई त्याले. फक्त एक हाय. पहिल्या दिवशी गॅस नेऊ नका. हॉलच्या मधोमध तीन विटा मांडा अन् लाकडावर भाकर करा. मालकाची इच्छा हाय.”

मला काय वाटलं ते लपवत नाही. मला बरं वाटलं. ही बंगल्यातली माणसं आमच्यासारखंच मानतात, असं वाटलं. आपल्या नव्या घरात पहिली चूल पेटवायचा मान मला देतात, असं वाटलं. मी हॉलच्या मधोमध विटा मांडल्या. पहिली भाकर विस्तवाला दिली. धुरानं पांढरं छत काळं झालं. मालकाच्या भावानं खिडकीतून पाहिलं. रागावला नाही. हसला.

त्या घराच्या जिन्याला कठडा नव्हता. मी विचारलं. तो म्हणाला, “बसवू नं. वास्तुशांतीच्या आधी बसवू.” पाच महिन्यांनी नवरा गच्चीवरून पाण्याचा ड्रम उतरवत होता. पाय घसरला. कठडा असता तर धरता आलं असतं. मांडीचं हाड मोडलं, प्लेट टाकली, हमाली संपली. मालकाचा भाऊ दवाखान्यात आला. सफरचंदं घेऊन. नीट चौकशी केली. किती मोडलं, कुठं मोडलं, चालता येईल का. आठवड्यानं म्हणाला, घर मोकळं करा, वास्तुशांती आहे. आम्ही सामान भरत होतो तेव्हा लोखंडी कठडा आला. वेल्डिंगवाला आमच्या मशीनला वळसा घालून जिन्यावर चढला.

मी हे पाहिलं. डोळ्यांनी पाहिलं. आणि काही जोडलं नाही. नवऱ्याचा पाय मोडला होता, डोक्यावर छप्पर नव्हतं. माणूस तेव्हा विचार करत नाही, दुसरी खोली शोधतो.

गजूभाऊनं दुसरं घर लगेच दिलं. पुन्हा नवं. पुन्हा अर्धं भाडं. पुन्हा तीन विटा. हा मालक कापड दुकानदार होता. दर रविवारी गाडी थांबवून काच खाली करायचा.

“सगळं ठीक हाय नं?”

“ठीक आहे, भाऊ.”

“कोनी बिमार-गिमार?”

“नाही.”

“बरं, बरं.” आणि काच वर जायची.

सहा महिने हेच. प्रत्येक रविवारी त्याचा आवाज थोडा जास्त नाराज. पल्लवी त्याची नक्कल करायची. “काय वो आई, कोनी बिमार नाई? असं कसं चालंन?” आम्ही हसायचो. हसायचो, हे आता आठवलं की अंगावर काटा येतो.

मागच्या अंगणात बोअरची वायर उघडी पडली होती. मी दोनदा सांगितलं. तिला चिकटून आमची कोंबडी मेली. रविवारी त्यानं विचारलं तेव्हा मी सांगितलं, “बाकी ठीक, भाऊ. कोंबडी मेली.”

त्यानं पहिल्यांदा इंजिन बंद केलं. “कोंबडी? कुठी मेली? घरात का बाहेर?”

“बोअरजवळ.”

“म्हंजे हद्दीतच.”

चार दिवसांनी निरोप आला. घर मोकळं करा.

कोंबडीच्या जागी पल्लवी कपडे वाळत घालायला गेली असती तर? हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. तिसऱ्या घरात पडला. तिथं मात्र तो उशिरा पडला.

तिसरं घर काकूंचं. तेही गजूभाऊनंच दिलं, तेच अर्धं भाडं, त्याच तीन विटा. त्यांचे यजमान, सर, शाळेतून निवृत्त झालेले, मुलगा-सून पुण्याहून इथं राहायला येणार होते. काकू गोड बोलायच्या. ब्लाउज शिवायला द्यायच्या, ओळखीच्या बायका पाठवायच्या. मी त्यांना मानायचे. गच्चीवरच्या टाकीला झाकण नव्हतं. मी विचारलं. त्या म्हणाल्या, “बसवतो नं, बाई. मुहूर्ताच्या आधी बसवतो.”

तेच वाक्य. मी ऐकलं आणि मशीनवर जाऊन बसले.

पावसाळ्यानंतर टाकीत मेलेलं कबूतर निघालं. नवऱ्यानं एका पायावर चढून ते काढलं, टाकी धुतली, वर पत्रा टाकला. पत्रा वाऱ्यानं उडायचा. मी पाणी उकळायचे, पण शाळेतून आलेली पोर घाईत नळाचं पाणी पिते. तिला ताप चढला. उतरेना. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न विचारला, पाणी कुठलं पिता?

आणि आता काकू दारात उभ्या. गाठोडं उंबरठ्यावर. तुमच्या लोकायले सोसते.

मी गाठोड्याकडं पाहत राहिले. कठडा, वायर, झाकण. एकामागून एक तिन्ही समोर आले. घरात काय वाईट असतं ते मला त्या क्षणी कळलं. ते ना वास्तूत असतं, ना जमिनीत. मालक ज्या कामाचे पैसे सगळ्यात शेवटी देतो, ते घरातलं वाईट. पहिली चूल ज्याची, त्याला घरातलं वाईट लागतं, असं ही माणसं मानतात. म्हणून तेवढं शिल्लक ठेवून आत आम्हाला बसवायचं. कुणाचा पाय मोडला, कुणाला ताप आला की म्हणायचं, निघालं. मग कठडा बसवायचा, झाकण बसवायचं, वायर झाकायची, छताला पांढरा रंग द्यायचा. आणि सत्यनारायण घालून आत यायचं. त्यांचं घर लाभतं, कारण तेव्हा ते पूर्ण झालेलं असतं.

माझा भुताखेतांवर विश्वास नाही. त्यांचा आहे. त्यांनी त्यांचं भूत माझ्या मुलीच्या अंगात घातलं होतं. झाकणाच्या किमतीत.

“काकू,” मी म्हटलं, “आत या. बसून बोलू.”

“नाई, मी इथंच बरी.”

“आपलंच घर आहे. या.”

त्या एक पाऊल मागं सरकल्या. सर फाटकाजवळ स्कूटरवर बसले होते. तेही उतरले नाहीत. “बाई, उगाच तमाशा करू नका,” तिथूनच म्हणाले. “गाठोडं उचला अन् मोकळ्या व्हा.”

मला तेव्हा दुसरी गोष्ट कळली. आम्हाला बाहेर काढायचं तर यांना आत यावं लागेल. आणि मी गाठोडं नेत नाही तोवर यांची आत यायची हिंमत नाही.

मी खाली बसले. गाठ सोडली. राखेची पिशवी काढून घेतली.

“अवो, सोडू नको! सोडू नको थे!” काकू ओरडल्या. खरंच घाबरल्या होत्या.

“राख माझ्या चुलीची आहे. ती मी ठेवते. बाकी सामान तुमच्या घरातलं आहे. तुम्ही न्या.”

“तू नेल्याशिवाय आमाले आत येता येत नाई, बाई.”

“मग नका येऊ. पोरीची परीक्षा झाली की मी जाते. भाडं देत राहीन. पूर्ण भाडं. आजूबाजूला जे चालू आहे ते. अर्धं नको.”

“काहून?” त्यांना खरंच कळलं नाही.

“अर्ध्या भाड्यात तुम्ही माझी पोरगी धरली होती म्हणून.”

त्या फाटकाकडं वळल्या. सरांनी स्कूटर सुरू केली.

महिनाभर नारळ उंबरठ्यावर राहिला. आम्ही त्याला ओलांडून जायचो, यायचो. लिंबं वाळली. उडीद चिमण्यांनी खाल्ले. मुहूर्त निघून गेला. सर दोनदा फाटकापर्यंत आले. एकदा पोलिसांत जाईन म्हणाले. मी म्हटलं, चला, मीही येते. टाकीचा फोटो माझ्याकडं आहे, दवाखान्याचे कागद आहेत. गाठोडं पण घेऊन जाऊ, तिथं काय सांगायचं ते तुम्ही सांगा. ते गेले. त्यांनी पाणी बंद केलं नाही. पाण्याचा कॉक जिन्याखाली होता. आत यावं लागलं असतं.

टाकीला मी झाकण बसवलं. माझ्या पैशानं. बाजारात अर्ध्या तासात मिळालं. हातात धरून पाहिलं. काळं, हलकं. एवढीशी वस्तू.

पल्लवीनं परीक्षा दिली. नवरा तिला ऑटोत बसवून न्यायचा, बाहेर बसून राहायचा. दोन पेपर तिला नीट जमले नाहीत. तीन तास बसवतच नव्हतं, म्हणाली. तिचं नर्सिंगचं काय होईल, हे मला आज माहीत नाही. हा हिशेब कुणाच्या गाठोड्यात बांधायचा?

गजूभाऊला मी त्याच्या टपरीवर गाठलं. त्यानं लाज धरली नाही. हेही लिहायला हवं.

“वहिनी, म्या काय खोटं बोललो? तांड्यावरच्यायले कोनी खोली देते का? म्या देली. तुमाले सस्तं पाह्यजे, त्यायले पहिली चूल पाह्यजे. दोन्हीकडचं भलं.”

“नवऱ्याचा पाय मोडला, भाऊ.”

“थे तं कुठीबी मोडला असता.”

“अशी अजून किती घरं आहेत?”

तो खर्रा थुंकला आणि बोटावर मोजायला लागला. मोजता मोजता थांबला. माझ्याकडं पाहिलं. “कायले विचारून राह्यल्या?”

मी तिथून निघाले. ती घरं शोधायला मला त्याची गरज नव्हती.

परीक्षा संपली त्या आठवड्यात आम्ही सामान बाहेर काढलं. दुपारी बारा वाजता. पुढच्या दारानं. मशीन आधी, मग खाट, मग पल्लवी. झाकण मी काढून घेतलं, ते माझं होतं. फाटकाशी उभी राहिले आणि मागं वळून पाहिलं. चांगलं पाहिलं. दार, खिडक्या, गच्ची, उघडी टाकी. उंबरठ्यावर नारळ होता तसाच.

आता आम्ही जुन्या वस्तीत एका टिनाच्या खोलीत राहतो. लहान आहे. भाडं पूर्ण आहे. मालकानं आडनाव विचारलं, मी सांगितलं. तांड्याचं नाव त्यानं विचारायच्या आधी सांगितलं. मग मी विचारलं, “वायरिंग कुठं उघडी आहे? करार कधी करता?” तो चपापला. भाडेकरूनं विचारायचे हे प्रश्न नसतात म्हणे. बायकोकडं पाहिलं. ती म्हणाली, “देऊन टाका वो, सरळ बोलते बाई.” अकरा महिन्यांचा करार झाला. पहिल्या दिवशी मी गॅसवर चहा केला. विस्तवाला काही दिलं नाही.

काकूंचा फोन गेल्या महिन्यात आला.

“बाई, घर तसंच पडलं हाय. सून यायले तयार नाई. म्हणते, त्या बाईनं न्यायचं थे तिथंच ठेवलं. गजू दुसरी मानसं आणतो म्हने, पण थेही येत नाईत. तू एक डाव ये. फक्त उचलून नेजो. पैसे देतो.”

“काकू, तुम्ही राहा.”

“काय?”

“घर तुमचं आहे. पहिली चूल तुम्ही पेटवा. राहून पाहा.”

त्यांनी फोन ठेवला.

गजूची दुसरी माणसं येत नाहीत, याचं कारण मी आहे. तयार कपडे पोचवायला मी हप्त्यावर घेतलेल्या स्कूटीवरून सगळ्या नव्या लेआउटमधून फिरते. नवा बंगला, जिन्याला कठडा नाही आणि हॉलच्या खिडकीतून लाकडाचा धूर, असं दिसलं की गाडी थांबवते. दार वाजवते. आत कुणीतरी माझ्यासारखी बाई असते, तीन विटांपुढं बसलेली. हात पिठाचे. खूश असते. नवं घर अर्ध्या भाड्यात मिळालेलं असतं.

काही जणी दार लावून घेतात. एक माझ्यावर धावून आली. तिला तीन लेकरं होती आणि दुसरी खोली नव्हती. मला तिचा राग आला नाही. दुसऱ्या दिवशी मी परत गेले. परवाही जाईन.

दार उघडलं की मी आधी माझ्या मुलीचं नाव सांगते. मग टाकीवर घेऊन जाते. झाकण नसेल तर तिला म्हणते, “चूल विझव. आधी झाकण माग. नाही बसवलं तर भाकर करू नको, सामान उतरवू नको.”

त्यांनी बांधलेलं घर त्यांनीच आधी सोसावं. माझ्या डोळ्यांदेखत आमची चूल आता कुणाच्या हॉलमध्ये पेटणार नाही.